शंका घ्या, पण अर्ध्यावर सोडू नका
लसीविषयीच्या अफवा आपल्याला खऱ्या का वाटतात?



“पोलिओच्या थेंबांमुळे मुलांना पुढे मूलबाळ होत नाही.” “सुईतून अंगात चिप घालतात.” “गरिबांची संख्या कमी करायची म्हणूनच लस फुकट देतात.” ही वाक्ये आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी ऐकली आहेत, नळावर, रेशनच्या रांगेत, नाहीतर मोबाईलवर. काहींनी ती हसून सोडून दिली. काहींच्या मनात ती राहून गेली. आणि काही घरांत त्यामुळे बाळाचा डोस चुकला.

कोणीतरी बलवान माणसे गुपचूप एकत्र येऊन आपला घात करीत आहेत, आणि डॉक्टर, सरकार, वर्तमानपत्रे सगळेच त्यांना सामील आहेत, असा या गोष्टींचा गाभा असतो. आम्ही त्यांना कटाच्या कहाण्या म्हणू. माणसे त्यांवर विश्वास का ठेवतात, काही जण का ठेवत नाहीत आणि खरे-खोटे कसे पारखायचे, हे या पानावर समजून घेऊ. उदाहरण लसीचे घेतले आहे, कारण येथे चूक झाली तर किंमत मुलांना मोजावी लागते. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी भागातील वस्त्यांत आणि राज्यात आणखी काही ठिकाणी गोवराची साथ आली. लहान मुले दगावली. आजारी पडलेल्या अनेक मुलांचे डोस झालेले नव्हते. करोनाच्या काळात नियमित लसीकरण मागे पडले होते, आणि काही घरांत लसीची भीतीही होती.

संशयाला इतिहास आहे

अफवेवर विश्वास ठेवणाऱ्याला लगेच ‘अडाणी’ म्हणण्याची अनेकांना सवय असते. आम्हाला ते मान्य नाही. गरीब माणसाच्या संशयामागे बहुतेक वेळा काहीतरी घडलेले असते.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. सप्टेंबरमध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला. सरकारने रोग्यांना जबरदस्तीने उचलून रुग्णालयात न्यायला सुरुवात केली. शहरात अफवा उठली की, राणी व्हिक्टोरियाच्या पुतळ्याला कोणी डांबर फासले म्हणून राणी चिडली आहे आणि तिने मुंबईकरांची काळजे मागवली आहेत. त्या ऑक्टोबरमध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. हेच पुढचे कस्तुरबा रुग्णालय. राणीने काळजे मागवली नव्हती. पण घरातला माणूस ओढून नेला जात होता, आणि नेलेल्यांपैकी फार थोडे परत येत होते, हे लोक डोळ्यांनी पाहत होते. पुढच्या वर्षी साथरोग कायदा आला आणि पुण्यात सैनिक घराघरांत शिरून झडती घेऊ लागले.

त्याच पुण्याजवळ, त्याच रोगात, सावित्रीबाई फुले यांनी डॉक्टर असलेल्या यशवंतरावांबरोबर रोग्यांसाठी दवाखाना चालवला. मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन तेथे आणले, असे सांगितले जाते. त्यांनाच प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. रोग एकच होता आणि रोग्याला घरातून हलवणेही दोन्हीकडे होते. पण एकीकडे बंदूक होती, दुसरीकडे ओळखीचा हात होता. औषधाच्या आधी माणूस हाच फरक पाहतो.

आता आणीबाणीकडे या. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. अधिकाऱ्यांना, शिक्षकांना आकडे ठरवून दिले होते. कोणाचा पगार अडवला, कोणाला घराच्या जागेचे आमिष दाखवले, कोणाला सरळ पकडून नेले. सर्वांत जास्त झळ गरीब, दलित आणि मुस्लिम वस्त्यांना बसली. महाराष्ट्र विधानमंडळाने तर तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यामुळे ते अमलात आले नाही. ज्या आजी-आजोबांनी ते दिवस पाहिले, त्यांना ‘सरकारी सुई’ म्हटले की नसबंदी आठवते. यात त्यांचा दोष काय?

अगदी अलीकडचीही गोष्ट आहे. २००९ मध्ये आंध्रातील खम्मम (आता तेलंगणात) आणि गुजरातमधील वडोदरा येथे गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस हजारो शाळकरी मुलींना देण्यात आली. त्यांत आदिवासी मुली पुष्कळ होत्या. वसतिगृहात राहणाऱ्या अनेक मुलींच्या संमतिपत्रांवर आईवडिलांऐवजी वॉर्डनच्या सह्या होत्या. सात मुलींच्या मृत्यूच्या बातम्या आल्यावर २०१० मध्ये हा प्रकल्प थांबवला गेला. चौकशीत ते मृत्यू लसीमुळे झाल्याचे आढळले नाही. मात्र संमती घेण्यातील गैरप्रकारावर संसदीय समितीने २०१३ च्या अहवालात कडक ताशेरे ओढले. म्हणजे ‘लसीने मुली मारल्या’ हे सिद्ध झाले नाही, पण ‘गरिबांच्या मुलींना न विचारता लस टोचली’ हे खरे निघाले. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता आल्या पाहिजेत.

आपले मन कसे चालते

इतिहासाशिवाय मनाच्याही काही सवयी आहेत. त्या शिकलेल्या-न शिकलेल्या सर्वांना लागू आहेत.

एक : पुन्हा पुन्हा ऐकलेले खरे वाटते. १९७७ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी लोकांना काही आठवड्यांच्या अंतराने विधाने ऐकवली. आधी ऐकलेली विधाने लोकांना जास्त खरी वाटली, मग ती खोटी का असेनात. तोच संदेश मामाकडून, मंडळाच्या गटातून आणि शेजारणीकडून आला की तीन साक्षीदार मिळाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात एकच संदेश तीन वेळा फिरलेला असतो.

दोन : मोठ्या दुःखाला मोठे कारण हवे असते. तापाने बाळ गेले, आणि कारण एक साधा विषाणू, हे मनाला पटत नाही. कोणीतरी केले असेल, असे वाटणे सोपे जाते.

तीन : हातात काही उरले नाही की मन दुवे शोधते. नोकरी नाही, घर कधी तुटेल ठाऊक नाही, दवाखान्यात कोणी नीट बोलत नाही. अशा वेळी ‘यामागे अमुक आहे’ असे सांगणारी कहाणी निदान उत्तर तरी देते.

चार : संशय एकदा बसला की विसंगतीही चालून जाते. ब्रिटनमधील एका अभ्यासात (२०१२) असे दिसले की, ज्यांना राजकन्या डायनाचा खून झाला असे जास्त वाटत होते, त्यांनाच ती जिवंत लपून आहे हेही जास्त शक्य वाटत होते. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत नाही. पण ‘सांगतात ते खोटे’ एवढीच भावना पक्की असली की काहीही खपते.

मग काही जण या कहाण्या का मानत नाहीत? ते जास्त हुशार असतात म्हणून, असे समजू नका. पुष्कळदा त्यांच्या घरात नाहीतर ओळखीत एखादी परिचारिका असते, किंवा आधीच्या मुलांना लस देऊन ती ठणठणीत वाढलेली त्यांनी पाहिलेली असतात. त्यांना विचारायला जागा मिळालेली असते. आणि शिकलेले लोकही फसतात. १९९८ मध्ये इंग्लंडमधील डॉ. अँड्र्यू वेकफील्ड यांनी अवघ्या १२ मुलांच्या अभ्यासावरून गोवराच्या एकत्रित लसीचा संबंध ऑटिझमशी जोडला. लाखो सुशिक्षित पालक घाबरले, लसीकरण घटले आणि गोवर परतला. पुढे ब्रायन डीअर या पत्रकाराने उघड केले की, लस कंपन्यांविरुद्ध खटले चालवणाऱ्या वकिलांकडून वेकफील्ड यांना पैसे मिळत होते. २०१० मध्ये तो लेख मागे घेतला गेला आणि त्यांचा डॉक्टरकीचा परवानाही रद्द झाला. लोक लसीत कट शोधत होते. लबाडी मात्र लसीविरुद्धच्या लेखात सापडली.

खरा कट, चूक आणि कहाणी

‘कट कधीच नसतात’ असे आम्ही म्हणणार नाही. अमेरिकेत अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे सरकारी आरोग्य खात्याने सुमारे ६०० गरीब काळ्या पुरुषांवर एक अभ्यास चालवला. त्यांपैकी ३९९ जणांना सिफिलिस होता. त्यांना खरा आजार सांगितला नाही. १९४० च्या दशकात पेनिसिलिन हे गुणकारी औषध मिळू लागले, तरी ते त्यांना दिले नाही. उपचाराविना रोग कसा वाढतो, हे डॉक्टर पाहत राहिले. पीटर बक्स्टन हा त्याच खात्यातील कर्मचारी. त्याने आधी वरिष्ठांकडे तक्रारी केल्या, मग पत्रकाराला माहिती दिली, आणि १९७२ मध्ये हे जगासमोर आले. १९९७ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी माफी मागितली.

या प्रकरणात दोन गोष्टी नीट पाहा. पहिली, खऱ्या कटाला नाव, गाव, साल आणि कागद असतात. तपासायला गेले की पुरावा वाढत जातो. कहाणीला मात्र यांतले काहीच नसते, आणि पुरावा मागितला की ‘तुम्हीही त्यांना सामील’ असे उत्तर येते. दुसरी गोष्ट आपल्यासाठी जास्त महत्त्वाची आहे. टस्कीगीत अन्याय झाला तो औषध नाकारून. आपल्या समाजाचा अनुभव काय आहे? बाबासाहेब आणि रमाई यांच्या पाच मुलांपैकी चार लहानपणीच गेली. त्या काळात घराघरांत असे पाळणे रिकामे होत होते. गरिबांच्या वाट्याला आलेला अन्याय बहुतेक वेळा औषध न पोहोचल्याचा आहे : दवाखाना बंद, डॉक्टर गैरहजर, पाणी नाही, औषध बाहेरून आणा. कटाची कहाणी आपला राग या दिसणाऱ्या अन्यायावरून काढून न दिसणाऱ्या शत्रूकडे वळवते. आणि त्या रागात आपणच आपल्या मुलाचा हक्काचा डोस सोडून देतो.

चूक आणि कट यांतही फरक करावा लागतो. जानेवारी २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील एका गावात पोलिओच्या थेंबांऐवजी १२ मुलांना हात धुण्याचे सॅनिटायझर पाजले गेले. गंभीर हलगर्जी होती. ती लगेच उघड झाली, मुलांवर उपचार झाले, कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली. अशा घटनेवर जाब विचारलाच पाहिजे. पण तिच्यावरून ‘पोलिओचे थेंब विषारी’ असा निष्कर्ष निघत नाही.

शंका शेवटपर्यंत न्या

केसपुत्त गावच्या कालामांना भगवान बुद्धांनी दिलेला उपदेश आपण विहारात नेहमी ऐकतो. परंपरेने सांगितले, ग्रंथात आहे, गुरू म्हणतात, एवढ्यावरून स्वीकारू नका, हा त्याचा अर्धा भाग सर्वांना पाठ आहे. उरलेला अर्धा भाग असा की, स्वतः तपासा. ज्याने अहित होते ते सोडा, ज्याने हित होते ते धरा. आणि ऐकीव गोष्टीवर विसंबू नका ही सूचना मोबाईलवर आलेल्या संदेशालाही तितकीच लागू आहे. डॉक्टरावर शंका आणि फॉरवर्डवर श्रद्धा, याला चिकित्सा म्हणत नाहीत.

मूल होत नाही या अफवेवर ही तपासणी करून पाहू. देशात पल्स पोलिओ मोहीम १९९५ मध्ये सुरू झाली. तेव्हा थेंब घेतलेली बाळे आज तिशीच्या आसपास आहेत. आपल्याच गल्लीत पाहा. त्यांची लग्ने झाली, त्यांना मुले झाली, आणि तीच मुले आज अंगणवाडीत येतात. त्यासाठी कोणत्याही साहेबाच्या शब्दावर विसंबायची गरज नाही.

उत्तर प्रदेशात हीच अफवा फार जोरात होती. तेथील काही मोहल्ल्यांत दारे बंद होत असत. “पाणी नाही, गटार नाही, तापाची गोळी नाही, मग फक्त थेंब घेऊन का येता?” असा लोकांचा प्रश्न होता. प्रश्न रास्त होता. पुढे त्याच मोहल्ल्यांतील स्त्रियांना कामात घेतले गेले, मशिदींतील इमामांशी बोलणे झाले, आणि थेंबांबरोबर स्वच्छता, जुलाबावरील उपचार यांकडेही लक्ष दिले गेले. २००९ मध्ये देशात पोलिओचे ७४१ रुग्ण होते. २०११ मध्ये एकच सापडला, पश्चिम बंगालमधील हावड्यात. त्यानंतर नैसर्गिक पोलिओचा रुग्ण देशात आढळला नाही, आणि मार्च २०१४ मध्ये भारताला पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. लोकांच्या प्रश्नाला उत्तर मिळाले तेव्हा दारे उघडली.

लसीकरणाच्या दिवशी हे विचारा

शंका असेल तर घरी बसू नका, केंद्रावर जाऊन विचारा. तो तुमचा हक्क आहे.

१. कोणती लस आहे आणि कोणत्या रोगावर? नाव कार्डावर लिहून घ्या.
२. कुपीवरची मुदत संपलेली नाही ना?
३. कुपीवर किंवा तिच्या झाकणावर एक गोल खूण असते. तिच्या आतला चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिका असला पाहिजे. तो तितकाच गडद झाला असेल तर लस उष्णतेने खराब झाली आहे असे समजावे आणि ती घेऊ नये.
४. सिरिंज नवी आहे का? पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगा.
५. गोवर-रुबेलाची कुपी किती वाजता उघडली? चार तासांनंतर ती वापरायची नसते.
६. नंतर काय त्रास होऊ शकतो? गोवराच्या लसीनंतर आठ-दहा दिवसांनी थोडा ताप किंवा बारीक पुरळ येऊ शकते आणि ते आपोआप जाते. लस दिल्यावर अर्धा तास केंद्रावरच थांबा. श्वासाला त्रास, झटके, अंगावर मोठी सूज किंवा बाळ निपचित पडणे, असे काही दिसले तर ताबडतोब रुग्णालयात न्या आणि आशाताई किंवा नर्सताईंना कळवून नोंद करायला लावा.

गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान असतो. डोस चुकला असेल तर ‘आता उशीर झाला’ म्हणून सोडू नका. कार्ड घेऊन जा आणि विचारा. गोवर फार वेगाने पसरतो. एकत्र राहणाऱ्यांपैकी लस न घेतलेल्या दहांतल्या नऊ जणांना तो होऊ शकतो. दाटीच्या चाळीत, एका खोलीत सहा-सात माणसे राहत असताना याचा अर्थ काय, हे आपल्याला सांगायला नको.

घरातले कोणी नको म्हणत असेल तर

सासूबाई, शेजारीण किंवा भाऊ लसीला विरोध करीत असेल तर चारचौघांत हसू नका. हसले की माणूस हट्टाला पेटतो. आधी विचारा, “तुम्ही नेमके काय ऐकलंत? कोणाकडून?” त्यातला खरा भाग मान्य करा : “आणीबाणीत जबरदस्ती झाली हे खरंच आहे.” मग वेगळेपण दाखवा : “पण आता आपण विचारू शकतो, नाही म्हणू शकतो. चला, दोघी मिळून ताईंना विचारू.” एका भेटीत मन वळेल असे नाही. दार उघडे राहिले तरी पुष्कळ झाले. आणि संदेश पुढे पाठवण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा : हे खोटे निघाले तर नुकसान कोणाचे होईल?

रविवारच्या वंदनेनंतर विहारात चर्चेसाठी

• आपल्या वस्तीत लसीविषयी कोणत्या गोष्टी फिरतात? त्यांतल्या कोणत्या गोष्टीला नाव, गाव, साल आहे?
• आपल्या आरोग्य केंद्राविषयीच्या खऱ्या तक्रारी कोणत्या? त्या लिहून सह्यांनिशी वॉर्ड कार्यालयात कोण देणार?
• दोन वर्षांखालील किती मुलांची कार्डे अपुरी आहेत? महिला मंडळातील दोन जणींनी यादी करून ती आशाताईंना दाखवावी, आणि पुढच्या लसीकरण सत्राला त्या घरांबरोबर स्वतः जावे.